फुकट आहे हो, पण तारीख कधीची?

सरकारने हॉस्पिटल चालवू नये असं म्हटलं की कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, मग गरिबांनी मरायचं का? म्हणून आधीच सांगतो, पैसे सरकारने भरावेत, जरूर भरावेत, माझं भांडण हॉस्पिटल चालवण्याशी आहे.

आईचा खुबा झिजला. सरकारी हॉस्पिटलात नाव लावलं. तो कागद अजून आहे माझ्याकडे, त्यावर चार तारखा आहेत आणि पहिल्या तीन निळ्या पेनने खोडलेल्या. एकदा मशीन बंद, एकदा भूल देणारे डॉक्टर सुट्टीवर, आणि एकदा नुसतंच "पुढची घ्या". तोपर्यंत आई जिना बसून उतरायला लागली होती, एकेक पायरी, कठड्याला धरून. डॉक्टर मात्र खरंच चांगला माणूस, त्याच्यावर राग नाही, तोच हळू आवाजात म्हणाला वरती लिहून द्या. दिलं लिहून. महिन्याने उत्तर आलं, आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवला आहे. संबंधित विभाग म्हणजे तीच खिडकी!!

मुद्दा हाच आहे. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असेल तर नापास कोण होणार?

आणि हे काय एकाच ठिकाणचं नाही. ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८ पासून आहे, लोकांचा जीव आहे तिच्यावर, तरी २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडची वेटिंग लिस्ट पंचाहत्तर लाखांच्या वर गेली. १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं त्यांचंच टार्गेट २०१६ पासून हुकतंय. अमेरिकेत माजी सैनिकांची हॉस्पिटल्स सरकार स्वतः चालवतं, तिथे २०१४ ला फीनिक्समध्ये उघडकीला आलं की खरी वेटिंग लपवायला वेगळ्या याद्या ठेवल्या होत्या, कारण आकडे चांगले दिसले तर साहेबांना बोनस. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, पण जे यादीत राहूनच गेले त्यांचं काय.

कॅनडाची केस तर आमच्या घरचीच वाटते. क्यूबेकमधल्या एका माणसाचा खुबाच होता, तोही असाच ताटकळला, आणि तिथला कायदा असा की जे सरकार देतं त्यासाठी प्रायव्हेट विमा काढायचा नाही. म्हणजे आम्ही वेळेत देणार नाही आणि दुसरीकडे जायची सोयही ठेवणार नाही. तो एका डॉक्टरला घेऊन कोर्टात गेला, २००५ ला सुप्रीम कोर्टाने ती बंदी उडवली. वेटिंग लिस्टमध्ये नाव असणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, अशा अर्थाचं त्या निकालपत्रात लिहिलंय.

आता म्हणाल प्रायव्हेटवाले लुटतात. लुटतात की! बिल बघून चक्कर येते, आणि विमा कंपनी क्लेम नाकारते तेव्हा तर त्या खिडकीतला माणूस देवमाणूस वाटायला लागतो. पण नेदरलँड्सने २००६ पासून काय केलंय बघा, विमा सगळ्यांना सक्तीचा, कंपन्या खाजगी, आजारी म्हणून बेसिक विमा नाकारायचा नाही, ज्याला परवडत नाही त्याला सरकार मदत करतं आणि नाही पटलं तर वर्षाला कंपनी बदला. तिथेही प्रीमियमवरून लोक कुरकुरतातच. पण निदान सोडून जाता येतं ना, आणि पेशंट सोडून जाऊ शकतो म्हटलं की समोरच्याचा आवाज आपोआप बदलतो.

"आधी निधी वाढवा मग बोला" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय, आईच्या कागदावरची तिसरी तारीख कुठल्या निधीअभावी खोडली? कारणच लिहिलेलं नाही तिथे.

ऑपरेशन झालं शेवटी, चौथ्या तारखेला. नीट झालं, चालते आता. परवा दुसरा खुबा चोळत म्हणाली, हा पण बोलायला लागलाय रे, आत्तापासूनच नंबर लावून ठेवतोस का?