झडीतला गारठा आणि ‘लांब गेलेला’ सूर्य

जून संपता संपता गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. दरवर्षी तोच, फक्त साल बदललेले. त्यात म्हटलेले असते: उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘ॲफेलियन’ सुरू होणार. पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार. एरवीचे अंतर ५ प्रकाशमिनिटे, म्हणजे ९ कोटी किलोमीटर. ते १५ कोटी २० लाख होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त. हे ऑगस्टपर्यंत चालणार आणि कधी नव्हे एवढी थंडी पडून सर्दी, खोकला, धाप वाढणार.

नेमक्या त्याच दिवसांत विदर्भात झड लागलेली असते. वावरात पाय ठेवता येत नाही, अंगावर पांघरूण घ्यावे लागते, घरात कोणीतरी खोकत असतेच. म्हणून मजकूर पटतो. पण त्यातला एकच आकडा बरोबर आहे, तो म्हणजे १५ कोटी २० लाख.

‘एरवीचे अंतर ९ कोटी किलोमीटर.’ नाही. पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते सर्वांत कमी, १४ कोटी ७१ लाख, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, १५ कोटी २१ लाख होते. फरक ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला जानेवारीत ८ मिनिटे ११ सेकंद लागतात, जुलैत ८ मिनिटे २७ सेकंद. पाच मिनिटे कधीच नाही.

हे पुस्तकातले म्हणून मानायची गरज नाही. शुक्र सूर्यापासून १० कोटी ८२ लाख किलोमीटरवर फिरतो. आपण ९ कोटींवर असतो तर शुक्र आपल्या बाहेरच्या बाजूला आला असता आणि वर्षाच्या काही काळात मध्यरात्री डोक्यावर दिसला असता. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला ओलीत करणाऱ्या माणसाने शुक्राची चांदणी बारा वाजता डोक्यावर कधी पाहिली आहे का? ती दिवस बुडाल्यावर पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेलाच दिसते, सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा जास्त दूर जात नाही. कारण ती आपल्या आतल्या कक्षेत आहे. शिवाय ९ कोटींवरच्या ग्रहाचे वर्ष सुमारे १७० दिवसांचे असते. एका पोळ्यानंतर दुसरा पोळा सहा महिन्यांच्या आतच आला असता.

‘६६ टक्के जास्त.’ मजकुरातलेच दोन आकडे घेतले तरी हे जमत नाही: ९ वरून १५.२ म्हणजे जवळपास ६९ टक्के. आणि खरेच तसे झाले असते तर ऊन पूर्वीच्या एकतृतीयांशावर आले असते, कारण अंतर वाढते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ऊन कमी होते. प्रत्यक्षात जानेवारी आणि जुलै यांत सूर्याकडून येणाऱ्या उष्णतेचा फरक सुमारे ७ टक्क्यांचा आहे.

शाळेच्या पुस्तकातली लांबट अंड्यासारखी कक्षा या गैरसमजाला हातभार लावते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात ती मापात काढून पाहावी. दोन खिळे ३.३ सेंटिमीटर अंतरावर ठोका. दोरीला गाठ मारून २०३.३ सेंटिमीटरचा फास करा, तो दोन्ही खिळ्यांभोवती टाका आणि खडूने ताणत फिरवा. ही पृथ्वीची कक्षा, एका खिळ्याच्या जागी सूर्य. आडवे आणि उभे माप घेतले तर दोन मीटरच्या आकृतीत पाव मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल, म्हणजे खडूच्या रेषेच्या जाडीपेक्षाही कमी. आकार जवळजवळ गोलच आहे, सूर्य तेवढा मधोमध नाही. चूक होते ती दोरीत: सुतळी ताणली जाते आणि माप बिघडते. नायलॉनची न ताणणारी दोरी किंवा बारीक तार घ्या.

‘ऑगस्टपर्यंत चालणार.’ ॲफेलियनला मराठीत अपसूर्य म्हणतात. तो कक्षेतला एक बिंदू आहे, मुक्काम नव्हे. पृथ्वी ३ ते ७ जुलैच्या दरम्यान कधीतरी त्यावरून जाते आणि त्याच क्षणापासून सूर्याच्या जवळ येऊ लागते. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे होते, त्याला लीप वर्ष कारण आहे, तसा चंद्रही. पृथ्वी आणि चंद्र दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. तो पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच असतो. त्या डोलण्यामुळे ‘सर्वांत दूर’चा क्षण सरकतो.

पृथ्वी दूर असते तेव्हा ती सावकाश चालते: जुलैत सेकंदाला २९.३ किलोमीटर, जानेवारीत ३०.३. याची नोंद शेतकऱ्याच्या पंचांगात आधीपासून आहे. मृग ८ जूनच्या सुमारास लागते, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै. चौदा-चौदा दिवस. तेच हिवाळ्यात पाहा: पूर्वाषाढा २९ डिसेंबर, उत्तराषाढा ११ जानेवारी, श्रवण २४ जानेवारी. तेरा-तेरा दिवस. पावसाळी नक्षत्रे एक दिवस जास्त टिकतात ती याच कारणाने. अपसूर्य दरवर्षी पुनर्वसूच्या आगेमागे येतो आणि हे शतकानुशतके बिनबोभाट चालले आहे.

‘दूर म्हणून थंडी.’ इथे एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. नागपूरच्या आसपास ५ जुलैला दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास तिची सावली ३ सेंटिमीटरपेक्षाही कमी पडते. ४ जानेवारीला त्याच वेळी ती ९६ सेंटिमीटर असते. जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जानेवारीत ४४ अंश दक्षिणेला कललेला. तिरपे ऊन पसरते: १ चौरस मीटरचा झोत जानेवारीत १.३९ चौरस मीटर जमिनीवर वाटला जातो. म्हणजे जवळ आल्याने ७ टक्के मिळाले, कलल्याने २८ टक्के गेले. त्यात दिवसही लहान. २१ जूनला नागपुरात दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, २१ डिसेंबरला १० तास ५० मिनिटांचा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. अंतराने ऋतू झाले असते तर ऑस्ट्रेलियातही जानेवारीत उन्हाळा आणि आपल्याकडेही उन्हाळाच असता.

अपसूर्याच्या महिन्यात सगळ्या पृथ्वीचे सरासरी तापमान उलट जानेवारीपेक्षा ३ ते ४ अंशांनी जास्त असते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे, आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते.

मग जुलैत गारठा का वाटतो? ढगांमुळे. नागपुरात मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ४२ अंशांच्या वर असते, जुलैत ३२ च्या आसपास. ढग ऊन अडवतात, ओली जमीन वाळताना उष्णता शोषते, आणि ४५ अंशांची सवय लागलेल्या अंगाला ओल्या कपड्यांत २४ अंशही बोचतात. दोन दिवस उघाड पडली की घामाच्या धारा लागतात. सूर्य तेव्हाही तेवढाच लांब असतो.

सर्वांत वाईट दावा आजाराचा. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, अंतरामुळे नाही. पण ‘ॲफेलियनचा ताप आहे, जाईल’ म्हणून घरी बसलेल्या माणसाला डेंग्यू असू शकतो. स्क्रब टायफसही असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भाने त्याची साथ पाहिली आहे. तो गवत-झुडपांतल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्याने होतो. निंदणीला, गवत कापायला जाणाऱ्यांनी ताप आल्यास काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली आहे का ते पाहावे, आणि खपली नसली तरी ताप दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

सूर्य किती लांब गेला हे मोजायचेच असेल तर टिनाच्या छपराखालचा कवडसा पुरे. सूर्याकडे थेट पाहू नका. छपरातल्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून त्यात २ मिलिमीटरचे छिद्र पाडा. छिद्रापासून ४ मीटर दोरी मोजा आणि तिथे पांढरा पुठ्ठा किरणांना काटकोनात धरा. तिरपा धरला तर गोल लांबट होतो आणि माप चुकते. जुलैतल्या उघाडीत सूर्याचा गोल सुमारे ३६.६ मिलिमीटर भरेल. छिद्राच्या रुंदीमुळे कडा थोड्या पुसट होतील, म्हणून छिद्र बदलू नका. मजकूर खरा असता तर एरवी हाच गोल ६२ मिलिमीटरचा दिसला असता. पेन्सिलीने कडा आखा, तारीख टाका आणि पुठ्ठा जपून ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच छिद्रातून, तेवढ्याच दोरीवर नवा गोल आखला की तो जुलैच्या गोलापेक्षा सव्वा मिलिमीटरने मोठा येईल.