छापील प्रत असताना पाठभेद कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपला आक्षेप रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. थॉमस अ‍ॅक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मचिंतकाचे लॅटिन लेखन आंतरजालावर केव्हाच उपलब्ध आहे, त्यात हवा तो शब्द शोधता येतो, राहिलेली पाने स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेता येतील; मग डिजिटल आवृत्तीत हस्तलिखितांतले पाठभेद नोंदवत बसणे म्हणजे नुसता कीस काढणे, असे आपण म्हणता.

शोधता येते हे खरे, परंतु जे सापडले ते कोणत्या काळातले, हे त्या शोधातून कळत नाही. ‘सुम्मा थिओलोगिए’ हा आपला धर्मशास्त्रावरचा प्रमुख ग्रंथ थॉमस यांनी डिसेंबर 1273 मध्ये अर्धवट सोडला आणि मार्च 1274 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याला जोडून छापली जाणारी पुरवणी त्यांच्या पश्चात इतरांनी जुळवली, आणि तीही त्यांच्याच सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या, पीटर लोम्बार्ड या बाराव्या शतकातल्या धर्मशास्त्रज्ञाच्या ग्रंथावरील भाष्यातून. ही सीमा मजकुरात दाखवली नाही, तर मृतांच्या पुनरुत्थानाविषयी (हा विषय पुरवणीतच येतो) थॉमस यांचे अखेरचे मत शोधणारा अभ्यासक त्यांचे ऐन तारुण्यातले मत उचलतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाठभेदांचेही तसेच आहे. तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये विद्यापीठाशी बांधलेले ग्रंथविक्रेते नमुना प्रत सुट्या जुड्यांच्या रूपात भाड्याने देत. या जुडीला ‘पेसिया’ म्हणत. हवी ती जुडी दुसऱ्याकडे गेलेली असली की लेखनिक अंदाजाने जागा मोकळी सोडून पुढची उतरवून घेई, आणि मागाहून ती हाती आली की जागेच्या मानाने अक्षर कुठे दाटीवाटीचे, कुठे ऐसपैस होई. झिजलेली जुडी बदललीही जाई. त्यामुळे एकच हस्तलिखित काही पानांपर्यंत विश्वासार्ह आणि पुढे संशयास्पद असू शकते, आणि समासातला जुडीचा क्रमांक हा त्याचा पुरावा ठरतो. स्कॅनवरून काढलेल्या सलग मजकुरात नेमका हाच पुरावा गळून पडतो.

यंत्राबद्दल आपल्याइतकाच उत्साह मलाही आहे. फादर रोबेर्तो बुसा हे इटालियन जेसुइट पाद्री 1949 मध्ये आयबीएम या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि त्यातून अ‍ॅक्वायनस यांच्या लेखनाची 56 खंडांची शब्दसूची 1974 ते 1980 या काळात छापून निघाली. तिथेही मोजणी यंत्राने केली. यंत्राला मजकूर वाचता यावा म्हणून कार्डांना छिद्रे पाडली ती तरुण मुलींनी (त्यांची नावे फारशी कुणी घेत नाही), आणि कोणते रूप कोणत्या शब्दाचे, हा निर्णय अभ्यासकांचा होता.

चिन्हांनी भरलेले पान वाचवत नाही, ही आपली तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. टीईआय या, डिजिटल मजकुरात खुणा नोंदवण्याच्या प्रमाणित पद्धतीने पाठ आणि त्याचा आधार एकत्र नोंदवून पडद्यावर काय दाखवायचे ते वेगळे ठरवता येते. तेव्हा पान उघडताना स्वच्छ मजकूर दिसावा आणि पाठभेद मागितल्यावरच यावेत. मेहनतही सर्वत्र सारखी नको. पोप तेरावे लिओ यांच्या आदेशाने निघालेल्या, थॉमस यांच्या समग्र लेखनाच्या आवृत्तीचे अलीकडचे खंड विपुल हस्तलिखिते तपासून सिद्ध झाले आहेत, त्यांवर विसंबण्यास हरकत नाही. पण त्याच आवृत्तीतील ‘सुम्मा’चे 1888 ते 1906 मधले खंड घाईने आणि मुख्यतः व्हॅटिकनमधल्या मोजक्या हस्तलिखितांवरून तयार झाले. माझ्या मते काम तिथूनच सुरू व्हावे.