लग्नाआधी बोला की जरा!

मगाशी सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेले होते. घाटावर प्री-वेडिंगचं शूट चाललेलं. पोरीच्या अंगात लांबलचक लाल गाऊन, त्याचा घोळ चिखलात, आणि तो उचलत आई मागंमागं. फोटोग्राफर ओरडतोय, "दादा, वहिनींच्या डोळ्यांत बघा!" दादा बघतायत ड्रोनकडं.

विचारलं, कितव्यांदा भेटताय गं? "तिसऱ्यांदा, काकू. पोह्यांना, साखरपुड्याला आणि आज."

डोकंच फिरलं माझं. साखरपुड्यानंतर पोरगी फोनवर अर्धा तास बोलली की घरात कुजबुज, आणि ड्रोनसमोर गळ्यात हात टाकायला सगळं खानदान हजर!

आमचा साखरपुडा १९९६ चा. हे एम-एटी गाडी घेऊन आले, आईनं धाकट्या भावाला मध्ये बसवलं. हरिपूर रोडच्या चिंचांखालनं याच घाटावर आलो. भावाच्या हातात भडंगाचा पुडा देऊन त्याला लांबच्या पायरीवर बसवलं. आणि ह्यांचं पहिलं वाक्य काय? "माझ्यावर सोसायटीचं कर्ज आहे. तुमच्या घरी सांगितलं नसणार." प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही! पण मग मलाही धीर आला. नोकरी सोडायला लावणार का, हे विचारूनच टाकलं.

याच हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेल्या पोरीचं नाटक. सव्वाशे वर्षं झाली, आज पोरीला विचारतात ते एवढंच, मॅडम, कुठली पोझ?

हां, शूटच्या निमित्तानं दिवसभर बरोबर तरी राहतात, मान्य. माझ्या आत्यानं तर नवऱ्याचं तोंड अंतरपाट सरकल्यावरच बघितलं. संसार छान झाला म्हणतात सगळे. आत्याला कुणी विचारलेलं नाही.

आमच्या लग्नात एका पाहुण्यानं ते कर्ज काढलंच. वडिलांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मला माहितीय, दादा. घाटावरच सांगितलंय त्यांनी.

असो. निघताना बघते तर ड्रोनवाला बॅटरी आणायला गेलेला. पोरगा पायरीवर उकिडवा बसून गाऊनचा चिखल धूत होता आणि ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. आई लगबगीनं तिकडं निघाली. मी आडवीच गेले. "ताई, २००५ च्या पुरात इथल्या हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांचं काय झालं हो?"

चांगली पंधरा मिनिटं खाल्ली तिची. भडंग नव्हतं जवळ, नाहीतर तेच दिलं असतं.