साहेब नाही आले?

गाडी नवी असते तोवर ती सर्व्हिसिंगला कुठे टाकायची हा प्रश्न कुणाला पडत नाही. पहिली दोन-तीन सर्व्हिसिंग फुकट असतात, पुढे वॉरंटी जाईल या धाकानं माणूस कंपनीच्याच दारात जातो आणि तिथल्या काचेच्या खोलीत मशिनची पांचट कॉफी पीत बसला की आपलं एकूण बरं चाललंय असं त्याला वाटतं. पंचाईत सुरू होते ती गाडीला दहा वर्षं झाली की. फोन येतच राहतात, पण सूर बदलतो. 'मॅम, गाडी सर्व्हिसिंगला ड्यू आहे' म्हणणारी मुलगी आता 'मॅम, एक्स्चेंजचा काही विचार?' असं हळूच विचारते, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल लांबचे नातेवाईक विचारतात ना, तसं.

आमची गाडी २०१० सालची. छोटी, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची. चालवते मी. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण गाडीशी त्याचा संबंध टायरला बुटानं दोनदा ठोकून 'हवा ठीक आहे' म्हणण्यापुरता. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. पीयूसी, पर्यावरण कर, ती नवी एचएसआरपी नंबरप्लेट, आणि २०२२ च्या एप्रिलआधी ६०० रुपयांत होणाऱ्या कामाचे ५,००० रुपये. तिथल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पाच वर्षं मंजूर केली. एवढं आयुष्य तिला दुसऱ्या कुणीही दिलेलं नाही. माझे दीर तिला दर दिवाळीला पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत देतात.

तर, स्पीडब्रेकरवरून उतरताना डाव्या पुढच्या चाकातून 'टक्' असा आवाज यायला लागला. सिंहगड रोडला राहणाऱ्या बाईला स्पीडब्रेकरचा तुटवडा नाही, त्यामुळे आवाज रोजचाच. मेकॅनिक शेजारी बसला की असले आवाज दडून बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी नवऱ्याला मोबाइल घेऊन शेजारी बसवलं आणि रेकॉर्ड कर म्हटलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये 'आला, आला! ऐकलंस?' एवढंच ऐकू येतं. 'टक्' नेमका दुसऱ्या 'आला'खाली दबलाय. इथून नाना पेठेपर्यंतचे कितीतरी मेकॅनिक आज माझ्या नवऱ्याला नुसत्या आवाजावरून ओळखतील.

मग विचारपूस सुरू केली. पुण्यात तुम्हाला कुणी गॅरेज सुचवत नाही, माणूस सुचवतं. 'माझा एक माणूस आहे' हे सांगताना सांगणारा इकडेतिकडे बघतो आणि नंबर देताना 'कुणाला देऊ नका, फार बिझी होतो मग तो' अशी अट घालतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा माणूस धायरीला होता. 'माझं नाव सांगा, बघा कसा धावत येतो.' मी नाव सांगितलं. 'कोण काका?' असं तो म्हणाला, आणि धावला नाही. दिरांचा माणूस भोसरीला, म्हणजे गाडी दाखवायला न्यायची तर आधी ती तिथवर पोचण्याइतकी ठणठणीत हवी. शिवाय गुरुवारी बंद. मला सुटी गुरुवारी.

भाच्याचा माणूस म्हणजे ॲप. ॲपनं गाडी दारातून नेली आणि संध्याकाळी मोबाइलवर तिचा 'हेल्थ स्कोअर' पाठवला, १०० पैकी ४३. वायपर लाल, हॉर्न हिरवा, बॅटरी पिवळी. 'टक्'साठी त्यांच्याकडे रंगच नव्हता. भाचा म्हणाला, "मामी, ४३ म्हणजे पास आहे."

शेवटी पुन्हा मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. जायच्या आधी नवरा म्हणाला होता, "तिकडे निदान सिस्टिम असते." ती होती. हातात टॅब घेतलेला एक गोड मुलगा गाडीभोवती फिरत प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढत होता. "मॅम, हा डेंट आधीचाच आहे ना?" आधीचाच. "आणि हा?" तोही. पंधरा वर्षांत पुण्यातल्या दुचाकींनी या गाडीवर जे जे काही लिहून ठेवलंय ते सगळं त्यानं मन लावून वाचलं. मग एस्टिमेट. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, इथवर आम्ही एकमेकांचे होतो. पुढे इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग आणि 'इंटिरियर एनरिचमेंट'. हे शेवटचं काय असतं म्हणून विचारलं, तर सीट पुसतात. त्याखाली दोन्ही बाजूंचे लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे, संपूर्ण असेंब्ली. आणि त्याखाली, स्पार्क प्लग, नग चार.

"अहो, तीन," मी म्हटलं.

"काय मॅम?"

"इंजिन तीन सिलिंडरचं आहे. प्रत्येकाला एक प्लग. चौथा कुठे लावणार?"

त्यानं टॅबकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे पाहिलं. "मॅम, सिस्टिममध्ये चार येतायत."

"गाडीत तीन आहेत."

तो जरा थांबला. मग आदबीनं म्हणाला, "सर येणार आहेत का?"

एक मात्र सांगायला हवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी फिरो न फिरो ते साधारण दोन वर्षांनी बदलावं, हे मला याच पोरानं नीट समजावून सांगितलं. दर महिना-दोन महिन्यांनी कराडहून परतताना मला कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाचा तो उतार उतरायचा असतो आणि मागे ट्रक असतात. तेव्हा ब्रेक ऑइल त्यांच्याकडून बदलून घेतलं, पैसे दिले, आणि बाकीच्या यादीला नमस्कार करून निघाले. दुसऱ्या दिवशी फोन आला, आम्हाला दहापैकी दहा द्याल ना मॅम, नऊ दिले तर आमचे पैसे कापतात. दिले दहा. पोराचा काय दोष.

उरला कालव्याकडेचा मिस्त्री. पत्र्याची शेड, पुढे उंबराचं झाड, झाडाला टांगलेला आरसा, आणि पहिल्यांदा गेलं की हमखास 'साहेब नाही आले?' हा प्रश्न. मिस्त्री बॉनेट उघडून एकदम काही बोलत नाही. कमरेवर हात ठेवून आत बघत राहतो. मग जिभेनं 'च्च' करतो आणि विचारतो, "ताई, हे कुणी उघडलं होतं?" आधीच्या मेकॅनिकची उत्तरक्रिया आटोपल्याशिवाय नवं काम सुरू करायचं नाही, हा या धंद्यातला नियम आहे. कुणी वायर उलटी बसवली, कुणी क्लिप तोडून तिथे तार गुंडाळली, कुणी बोल्टचे आटे घालवले, सगळं साग्रसंगीत ऐकावं लागतं. आमच्या बाबतीत अडचण एवढीच होती की ते दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच उघडलं होतं. मी तसं म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मग पोरानं केलं असणार."

सध्या मिस्त्रीच्या मते गाड्यांना एकच रोग आहे, आणि तो म्हणजे ऊस. "पेट्रोलमध्ये ऊस घातलाय ताई. वीस टक्के." ॲव्हरेज पडलं, ऊस. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागला, ऊस. एसी गार होत नाही, त्यालाही त्यानं काही अंतरावरून उसाशी नेऊन जोडलं. यात थोडं खरंही आहे. वीस टक्के इथेनॉल मानवेल अशा गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून यायला लागल्या, त्यामुळे आमच्या गाडीच्या रबरी पाइपांकडे आणि सीलकडे अधूनमधून बघायला हवं, आणि ॲव्हरेजही थोडं कमी होतंच. पण डाव्या चाकातला 'टक्' उसातून कसा येईल? हे मी कराडच्या मामांना फोनवर सांगितलं. मामांचा ऊस कारखान्याला जातो. ते दुखावले. "आमच्या उसानं कुणाचं चाक वाजलेलं नाही," म्हणाले.

पण मिस्त्री गाडीखाली गेला. आणि माझ्या मते कुठे जावं हे इथे ठरतं. काचेच्या खोलीत तुम्हाला गाडी पडद्यावर दिसते, इथे तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय दिसतात. आतून हाक आली, "ताई, टॉमी द्या जरा." मी ती लोखंडी पहार दिली. त्यानं लोअर आर्मला टॉमी लावून रेटा दिला, आणि इतके दिवस कुणालाच ऐकू न गेलेला 'टक्' त्या शेडमध्ये खणखणीत वाजला. आमच्या गाडीचा आवाज ऐकून मी याआधी इतकी खूश कधी झाले नव्हते.

लोअर आर्म शाबूत होता. गेला होता त्यातला बुश. मिस्त्रीनं प्रेसवर दाबून तो बाहेर काढला आणि फडक्यानं पुसून माझ्या हातावर ठेवला. लोखंडी कडं, आत रबर, रबराच्या मधोमध पोलादी नळी. रबराला चहूकडून भेगा गेलेल्या, नळी बोटानं हलत होती, आणि हलली की एका बाजूनं रबराचा काळा चुरा तळहातावर सांडत होता. एवढ्याशा रबरासाठी मला दोन अख्खे लोअर आर्म सांगितले होते. काढलेला पार्ट हातात देतो का, ही माझी एकच परीक्षा. बाकी मिस्त्री काही संत नाही. ब्रेक ऑइल गळत नाही तोवर बदलू नये असं त्याचं ठाम मत आहे, आणि 'संध्याकाळी न्या' म्हणजे कुठल्या दिवशीच्या संध्याकाळी हे तो सांगत नाही.

मात्र पुढचं काम सुरू करायच्या आधी त्याला साहेबांशी बोलायचं होतं. मी फोन लावून दिला. मिस्त्री बराच वेळ बोलला, हातवारे करून, बुश वरखाली नाचवून. पलीकडून 'हो, हो... बरं... करून टाका' एवढं ऐकू आलं. रात्री मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाला?

"म्हणाला, करावं लागेल."

"काय करावं लागेल?"

"ते जे आहे ते."

बुश आणायला मीच नाना पेठेत गेले. जुना बुश कागदात गुंडाळून पिशवीत घातला होता. दुकानाच्या काउंटरवर मेकॅनिक, त्यांची पोरं, रिक्षावाले, आणि त्यांत मी. पुन्हा तेच, "साहेब गाडी लावतायत का?" मी पुडी उघडून बुश काउंटरवर ठेवला. मालकानं चष्मा कपाळावर सरकवून तो दोन बोटांत फिरवला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला आणि गाडीचं मॉडेल सांगितलं. मग विचारलं, "दहाचं की अकराचं?" दहाचं, मी म्हटलं. "कंपनीचा देऊ, ओईएम देऊ, की चालेल तो देऊ?" कंपनीचा म्हणजे गाडीवाल्या कंपनीच्या खोक्यात येणारा. ओईएम म्हणजे कंपनीला जो माल पुरवतो त्याच्याच खोक्यातला, बहुतेक वेळा तोच माल, भाव कमी. आणि चालेल तो म्हणजे दुकानाच्या बाहेर पडेपर्यंत चालेल तो. मी ओईएम घेतला, दोन्ही बाजूंचा. मालकानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पोराला म्हणाला, "मॅडमना स्टूल दे."

बुश बसला, व्हील अलाइनमेंट झालं, आवाज गेला. नवरा अजून स्पीडब्रेकर आला की मोबाइल काढतो.

परवा रात्री जेवताना मिस्त्रीचा फोन आला. "ताई, एक साहेब आलेत. तुमच्याच मॉडेलची गाडी आहे. मी प्लग काढून साफ करून लावले, तर मोजून म्हणतात तीनच आहेत, चौथा तू काढून घेतलास. मागच्या वेळचं बिल दाखवतायत, त्यात चार लिहिलेत. जरा सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत."

फोन साहेबांकडे गेला. मी सिलिंडर, प्लग, सगळं नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, घरात मिस्टर आहेत का? त्यांना द्या जरा."

मी दिला. नवऱ्यानं आमटीचा हात पुसला, फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "हो. हो. बरोबर आहे. तीनच असतात." मग फोनवर तळवा ठेवून मला विचारलं, "काय तीन?"