स्टॅनफर्डच्या ‘गरीब जोडप्या’चा फॉरवर्ड: बाबांनो, तो माणूस गव्हर्नर होता

विटका झगा घातलेली बाई आणि झिजलेल्या कोटातला तिचा नवरा अपॉइंटमेंट न घेता हार्वर्डच्या प्रेसिडेंटकडे जातात, सेक्रेटरी तासन्‌तास ताटकळत ठेवते, शेवटी साहेब भेटतो तेव्हा सांगतात की आमचा मुलगा वर्षभर इथे शिकला, अपघातात गेला, त्याची आठवण म्हणून काहीतरी बांधायचंय. साहेब नाक मुरडून म्हणतो, बिल्डिंग म्हणजे काय खेळ वाटला का, आमच्या बिल्डिंगांना ७५ लाख डॉलर लागलेत. त्यावर बाई नवऱ्याला म्हणते, एवढ्यात होतं तर आपलीच काढू की! आणि निघाली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘कपड्यांवरून माणसाची किंमत करू नका’. चांगले शिकलेसवरलेले लोकही हे पुढे ढकलतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी मुलाचं बघू, कारण तिथेच सगळं कोसळतं. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड हे ते जोडपं, आणि त्यांच्या मुलाचा, लेलँड ज्युनिअरचा, जन्म मे १८६८ चा आणि तो गेला १३ मार्च १८८४ ला, इटलीत फ्लॉरेन्सला, आईवडिलांबरोबर युरोप फिरताना, टायफॉइडने. सोळावं पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. हार्वर्ड सोडा, तो कुठल्याच कॉलेजात गेला नव्हता, आणि अपघातबिपघात काही झाला नव्हता.

आता गरिबी. इथे तर हसावं की रडावं कळत नाही. लेलँड स्टॅनफर्ड मूळचा न्यूयॉर्क राज्यातला, ऑल्बनीत वकिली शिकला, १८४८ ला सनद मिळाली, मग विस्कॉन्सिनमध्ये पोर्ट वॉशिंग्टनला प्रॅक्टिस टाकली. १८५२ मध्ये आगीत ऑफिस आणि कायद्याची पुस्तकं जळाली आणि गडी कॅलिफोर्नियाला भावांकडे गेला, सोनं खणायला नाही हं, खाणवाल्यांना सामान विकायला. हा काळ म्हणाल तर थोडाफार साधा. पण पुढे सॅक्रामेंटोत धंदा वाढला, रिपब्लिकन पक्षाच्या राजकारणात पडला, १८५७ आणि १८५९ ला निवडणूक हरला, १८६१ ला गव्हर्नर म्हणून जिंकला. त्याच वर्षी हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर या तीन व्यापाऱ्यांबरोबर सेंट्रल पॅसिफिक रेल्वे काढली आणि अध्यक्ष कोण, तर हाच.

म्हणजे राज्याचा गव्हर्नर आणि रेल्वे कंपनीचा अध्यक्ष एकच माणूस, एकाच वेळी. ८ जानेवारी १८६३ ला सॅक्रामेंटोत कामाचं पहिलं फावडं मारलं तेव्हा दोन्ही टोप्या याच्याच डोक्यावर, आणि कंपनीला सरकारी मदत देणाऱ्या कायद्यांवर गव्हर्नर म्हणून सही पण याचीच. केंद्र सरकार सपाट जमिनीवर मैलामागे १६,००० डॉलरचे रोखे कर्ज म्हणून देणार होतं आणि डोंगरात ४८,०००, तर यांनी राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाकडून असं मत मिळवलं की सिएरा नेवाडा डोंगररांगेचा पायथा सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर, आर्केड क्रीकपाशी सुरू होतो. तिथे डोळ्याला दिसते सपाट जमीन! लिंकननी मान्य केलं आणि मैलामागचा दर तिप्पट झाला. काय डोकं आहे राव. याच माणसाने जानेवारी १८६२ च्या पहिल्या भाषणात चिनी लोकांचं येणं रोखायला हवं म्हणून सांगितलं होतं आणि मग रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर लावले, तेही कमी पगारात. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमोंटरीला पूर्वेकडून आलेल्या रेल्वेशी रूळ जोडले तेव्हा सोन्याचा खिळा ठोकायचा मान पुन्हा याचाच.

१८७६ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत नॉब हिलवर यांचा वाडा तयार होता आणि बाईंच्या दागिन्यांची चर्चा असायची. विटका झगा म्हणे!

हार्वर्डला ते गेले होते, तेवढं खरं. मुलगा गेल्यावर एमआयटी, कॉर्नेल वगैरे बघितलं, कारण काय काढावं तेच ठरत नव्हतं: युनिव्हर्सिटी, टेक्निकल शाळा की म्युझियम. हार्वर्डचे प्रेसिडेंट चार्ल्स एलियट त्यांच्याशी नीट बोलले, सल्ला दिला. पैशाचं बोलणंही झालं, पण उलट्या अर्थाने. एलियटनीच नंतर सांगितलंय की युनिव्हर्सिटीला किमान ५० लाख डॉलरचा निधी लागेल असं ते म्हणाले, नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं आणि तेवढं जमेल म्हणाले. बहुतेक याच संवादाला मीठमसाला लावून फॉरवर्ड बनलाय. हार्वर्डला देणगी द्यायला गेले आणि हाकलले गेले, असं काही झालंच नाही.

आणि युनिव्हर्सिटी रागाच्या भरात चटकन उभी राहिली म्हणावं तर देणगीपत्र नोव्हेंबर १८८५ चं, कोनशिला १४ मे १८८७ ला म्हणजे मुलाच्या वाढदिवशी, वर्ग सुरू झाले १ ऑक्टोबर १८९१ ला. सुरुवातीला ट्यूशन फी नव्हती आणि मुलींनाही प्रवेश होता, हे श्रेय मात्र द्यायलाच हवं.

फॉरवर्डच करायचं तर पुढचं करा ना. १८९३ मध्ये लेलँड गेला, इस्टेट कोर्टात अडकली, त्यात सरकारने रेल्वेच्या कर्जापोटी दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो १८९६ ला सुप्रीम कोर्टात फेटाळला जाईपर्यंत जेनबाईंनी घरखर्चासाठी मिळणाऱ्या पैशांतून प्राध्यापकांचे पगार केले आणि १८९७ मध्ये दागिने विकायला लंडनपर्यंत गेल्या.