'गुडघा बदलू नका' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवरात्रापासून एक मेसेज फिरतो आहे: 'गुडघ्याचं ऑपरेशन चुकूनही करू नका.' खाली पाच कारणं. कृत्रिम सांधा दहा वर्षांत निकामी होतो. झिजलेली गादी काढ्यांनी परत येते. गुडघा दुखतोय तोवर चालू नका. ऑपरेशननंतर मांडी घालून बसणं कायमचं गेलं. आणि हा सगळा डॉक्टरांचा पैशांचा खेळ आहे. तो वाचून मंडळातल्या दोघी काकूंनी ठरलेल्या तारखा रद्द केल्या. माझ्या आईचा उजवा गुडघा बदलला, त्याआधी करू की नको यात आमचं सव्वा वर्ष गेलं. म्हणून गप्प बसवत नाही.

मुळात लोक म्हणतात तो 'वाटी बदलली' हा शब्दच घोळ करतो. वाटी म्हणजे गुडघ्यावरचं पुढचं गोल हाड. शेजारच्या गुजराती बेनही 'ढांकणी घसाई गई', म्हणजे वाटी झिजली, असंच म्हणतात. वाटी जागेवरच असते. फार तर तिची मागची बाजू प्लास्टिकने मढवतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं जेमतेम सेंटीमीटरभर तासून त्यांवर धातू बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती. अख्खा गुडघा कापून काढत नाहीत.

आता दहा वर्षांचं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनीही टिकून होते. वयाचा फरक मात्र पडतो. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार सत्तरीनंतर ऑपरेशन झालं तर पुढे ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत. बावन्नाव्या वर्षी घाई नको, हे मलाही पटतं. पण ही भीती पंच्याहत्तरीच्या काकूंना का घालायची?

काढ्यांबद्दल थोडक्यात. कुर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, झिजली की ती पूर्वीसारखी भरून येत नाही. सांध्यांसाठी घेतात त्या महागड्या ग्लुकोसामिनच्या गोळ्याही २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर तपासल्या, तेव्हा एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तेलाच्या मालिशीने, शेकाने बरं वाटतं, ते खुशाल करा.

मला खरा राग आहे तो 'चालू नका'चा. आईने हेच ऐकलं होतं. कमाटीबागेतली सकाळची फेरी बंद, जिना बंद, भाजी आणायला मी. सहा महिन्यांत वजन वाढलं, मांडीचे स्नायू बारीक झाले आणि जो डावा गुडघा बरा होता तोही कुरकुरायला लागला. गुडघ्याचा भार पेलतात ते मांडीचे स्नायू. ते झोपले की सगळा मार सांध्यावर. आणि वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

डेन्मार्कमधला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला योग्य ठरलेले १०० रुग्ण घेतले. सगळ्यांना बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला, गरजेपुरती वेदनाशामकं. त्यातल्या निम्म्यांचं त्याआधी ऑपरेशनही केलं. वर्षभराने ऑपरेशनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. पण गंभीर त्रासाच्या घटनाही त्यांच्यातच जास्त, २४ विरुद्ध ६. आणि नुसत्या व्यायामाच्या गटातल्या ५० पैकी फक्त १३ जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. मेसेज लिहिणाऱ्याला यातला व्यायाम नको आणि ऑपरेशनही नको. मग माणसाने करायचं काय, खाटेवर पडून राहायचं?

आम्ही तीन महिने नेमाने फिजिओथेरपी केली. डावा गुडघा शांत झाला. उजवा रात्री दोन-दोनदा उठवायचा, घराचा जिना उतरताना आई कठडा धरून रडायची. तेव्हा ठरलं. एक्स-रेवर 'चौथी ग्रेड', म्हणजे सर्वांत जास्त झीज, असं लिहिलेलं तर वर्षभर आधीच होतं. पण फोटो आणि दुखणं नेहमी जुळत नाही. नुसत्या फोटोवरून तारीख घेऊ नये.

मांडी घालून बसण्याचं कारण अर्धं खरं आहे. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं बहुतेक डॉक्टर नकोच म्हणतात. आईची पूजा आता खुर्चीवर होते आणि तिला त्याचं वाईट वाटतं. हे आधी स्पष्ट विचारून घ्या.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मीच सांगते: साधारण पाचांतला एक जण ऑपरेशननंतरही पूर्ण समाधानी नसतो आणि शंभरात एक-दोघांना सांध्यात जंतुसंसर्ग होतो. साखर आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. दोन्ही गुडघे एकदम करायचे असतील तर हृदयाची तपासणी नीट हवी.

पैशांचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी अशी ठरली. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा, त्याचं स्टिकर जपून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं. ते कोणत्या हॉस्पिटलात गुडघ्यासाठी चालतं हे तारीख घेण्याआधी विचारा.

आईचा डावा गुडघा अजून स्वतःचा आहे. रोज संध्याकाळी ती खुर्चीवर बसून दोन्ही पाय आळीपाळीने सरळ उचलते, दहा-दहा वेळा, आणि मोजायला मला बसवते.