कोंबडी, भाकर आणि चार ऑस्कर

कालपासून डोकं तडकलंय. अमळनेरहून जळगावला पॅसेंजरने येत होतो, मोबाईलवर 1963 चा इंग्रजी पिक्चर 'टॉम जोन्स' लावलेला. बस, चूक एवढीच.

शेजारी एक आबा. पांढरी टोपी, मांडीवर भरिताच्या वांग्यांची पिशवी, अन् नजर माझ्या स्क्रीनवर. नेमका तो जेवणाचा सीन आला. अल्बर्ट फिनी आणि जॉइस रेडमन समोरासमोर बसून सूप, लॉब्स्टर, कोंबडी, कालवं, फळं हाणतायत, शब्द एक नाही, नुसतं एकमेकांकडे बघत चोखणं अन् चाटणं. समीक्षकांनी ह्याच सीनवर जीव ओवाळून टाकलेला.

"हाई काय देखी ऱ्हायना भाऊ?" आबा एवढ्या मोठ्यानं की दारातला भेळवालासुद्धा वळला.

"पिक्चर आहे आबा. 1749 च्या कादंबरीवरचा."

"अन् भाकर कोठे शे?"

"आँ?"

"कोंबडी खाई ऱ्हायनात, भाकर नही, कांदा नही. नुसतं देखी ऱ्हायनात एकमेकास्ले." मग जरा थांबून, अख्ख्या डब्याला, "हाऊ जेवाना पिक्चर नही भो!"

समोरच्या काकूंनी नातीचं तोंड खिडकीकडे फिरवलं. मी आपला घाम पुसत सांगतोय, आबा, चार ऑस्कर मिळालेत ह्याला, बेस्ट पिक्चरसुद्धा. तर म्हणे, "देनारा बी उपाशीच व्हतीन."

आता ह्यावर काय बोलणार? यात्रेत तमाशापुढे पहाटेपर्यंत बसतील, शिट्ट्या मारतील, ते चालतं. माझ्या चार बोटांच्या स्क्रीनवर बाई कोंबडी खाते तर मी चावट! आणि मुळात दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकं घालायचंच कशाला, तो काय चावडीवरचा टीव्ही आहे?

एक मात्र आबांना सांगितलं नाही, उगाच चढले असते. दिग्दर्शक टोनी रिचर्डसनलाही हा पिक्चर अर्धवट अन् फसलेलाच वाटायचा, 1989 मध्ये त्यानं स्वतःच सातेक मिनिटं कापली.

वैतागून मोबाईल बंद करायला गेलो तर आबांनी मनगटच धरलं. "ऱ्हाऊ दे ना!" टॉमला फाशी द्यायला नेतात तिथपर्यंत हूं की चूं नाही. मग बाहेर बघितलं अन् केवढ्यानं ओरडले, "तुनामुये मनं धरणगाव गयं!"

डबाभर लोक माझ्याकडे असे बघतायत जसं काही मीच साखळी धरून ठेवलेली. काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला असले पिक्चर दाखवतात होय?"

पाळधीला वांग्यांची पिशवी मीच उतरवून दिली. पाच किलो तरी असतील.